नोंदपालाची स्वतःची नोंद

बॉस्टन येथील बेथ इझरायल डीकनेस रुग्णालयाचे तत्कालीन माहिती-व्यवस्थाप्रमुख डॉ. जॉन हलाम्का यांचा 'स्ट्रेट फ्रॉम द शोल्डर' हा छोटा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या २८ जुलै २००५ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची कुपी त्यांनी आपल्या दंडाच्या त्वचेखाली बसवून घेतली होती. तिच्यात सोळा आकडी क्रमांक होता. आपण बेशुद्धावस्थेत कोठे सापडलो तर या क्रमांकावरून डॉक्टरांना आपली वैद्यकीय नोंद मिळावी, हा हेतू. या लेखाची चर्चा बहुधा यंत्राच्या सोयीगैरसोयीची किंवा खासगीपणाच्या हक्काची चर्चा म्हणून झाली. पण इतरांच्या नोंदी राखणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने स्वतःची नोंद कशी ठेवली व तिजवरून काय अनुमान काढले, या दृष्टीने त्याकडे पाहिले तर काही निराळे प्रश्न उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

रुग्णनोंद हा एक विलक्षण लेखनप्रकार आहे. तिचा विषय एक माणूस असतो. परंतु ती लिहितात अनेक जण, आणि ज्यांच्यासाठी लिहिली जाते त्या वाचकांत तो माणूस सहसा नसतो. रोजनिशीत व आत्मचरित्रात लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे तो एकच असतो. येथे त्यांची फारकत झालेली असते. या फारकतीवरच एक व्यवसाय उभा राहिला. १९२८ साली, बॉस्टन शहरातच, उत्तर अमेरिकेतील रुग्णनोंदींच्या ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ग्रेस व्हायटिंग मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. दुसऱ्याची कागदपत्रे सुवाच्य, पूर्ण व सुरक्षित राहावीत, हे त्यांचे ब्रीद. पुढे १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी, रोग्याच्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन तिचा माग ठेवणारी नोंद कशी असावी ते मांडले. आणि १९७३ मध्ये शेंकिन व वॉर्नर यांनी त्याच 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये नोंदीची प्रत रोग्याच्याच हाती द्यावी अशी सूचना केली. त्या काळी ती धाडसाचीच मानली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर हलाम्का यांच्या कृतीचे मोल कमी नाही. लोकांना जे सांगावयाचे ते आधी स्वतःच्या देहावर करून पाहणे ही वैद्यकातील जुनी व सन्मान्य रीत आहे. पुढे, २००८ मध्ये, जॉर्ज चर्च यांच्या व्यक्तिगत जनुकसंच प्रकल्पातील पहिल्या दहा स्वयंसेवकांपैकी एक म्हणून त्यांनी आपली वैद्यकीय माहितीही जगासमोर खुली केली. तेव्हा त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती पुराव्याच्या जातीविषयी. नोंदपालाची स्वतःची नोंद नीट वाचता आली, यावरून काय सिद्ध होते? कवीला आपली कविता दुर्बोध वाटत नाही. गाळलेले दुवे त्याच्या मनात शाबूत असतात. नोंदव्यवस्था ज्याने बांधली त्याची स्थिती याहून निराळी नाही. अमुक शब्द कोणत्या रकान्यातून आला, तो कोणी व कशासाठी लिहिला, हे त्याला ठाऊक असते. आणि चूक दिसलीच तर कोणाला हाक मारावयाची हेही ठाऊक असते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा घेतली ती एका रोग्याने, आणि तीही त्याच रुग्णालयात. डेव्ह डीब्राँकार्ट यांना २००७ च्या जानेवारीत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. उपचारांनी ते बरे झाले. २००९ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या संगणकातील आपली नोंद गूगल कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेल्या व्यक्तिगत आरोग्यनोंदीच्या योजनेत नेली. ती उघडून पाहतात तो काय, कर्करोग मेंदूत किंवा कण्यात पसरल्याची नोंद! असे निदान कोणत्याही डॉक्टराने केलेले नव्हते. शोध घेता उलगडा झाला तो असा : तिकडे गेलेला मजकूर डॉक्टरांच्या टिपणांतला नव्हता, विम्याच्या बिलासाठी लिहिलेल्या सांकेतिक आकड्यांतला होता, आणि त्याला तारखाही नव्हत्या.

हा प्रकार बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण नुसती 'चूक' म्हणून तो निकालात काढता येत नाही. रोग नाही ना, हे पाहण्यासाठी तपासणी करावयाची, तर बिलावर काहीतरी कारण लिहावेच लागते. आणि पुष्कळदा त्या शंकेतल्या रोगाचाच आकडा तेथे पडतो. तो आकडा विमा कंपनीच्या कारकुनासाठी लिहिलेला असतो, आणि त्या वाचकापुरता त्याचा अर्थ एवढाच की या तपासणीचे पैसे द्या. तोच आकडा रोग्यापुढे ठेवला की त्याचा अर्थ पार बदलतो. शंकेचे विधान होते, आणि तारीख नसल्यामुळे सरलेली गोष्ट चालू होऊन बसते. उद्या एखाद्या परक्या गावी अपघातकक्षातील डॉक्टराने हीच नोंद वाचली तर उपचार कशाच्या आधारे होतील? एकाच्या वाचनासाठी केलेले लेखन दुसऱ्याच्या हाती संदर्भावाचून गेले म्हणजे काय होते, याचे इतके भयावह उदाहरण वाङ्मयाच्या अभ्यासकालाही सहसा मिळत नाही.

हलाम्का यांनी आपल्या रुग्णालयाकडून झालेली ही गोष्ट उघडपणे मान्य केली व बिलाचे आकडे बाहेर पाठविणे थांबविले, हे येथे नमूद केले पाहिजे. त्याहूनही महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा २००६ चा शोधनिबंध. अन्य तीन संशोधकांसह लिहिलेल्या त्या निबंधात, दंडात बसविलेल्या त्याच जातीच्या कुपीची हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून तिजवर ओळख सांगण्यापलीकडे भरवसा ठेवू नये, असे प्रतिपादन आहे. व्यावसायिकाने स्वतःच्या नोंदीचा उपयोग कसा करावा याचा नमुना २००५ च्या लेखात न शोधता येथे शोधावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिल्या लेखनात तो आपल्या नोंदीचा साक्षीदार आहे, दुसऱ्यात उलटतपासणी घेणारा. पहिल्याला प्रसिद्धी अधिक मिळाली, हे जगरहाटीस धरूनच झाले.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे. सरकारी दवाखान्यातील केसपेपर रोगी स्वतःच सांभाळतो. पिशवीत घड्या पडलेले ते कागद हीच त्याची व्यक्तिगत आरोग्यनोंद. रुग्णालयात राहणाऱ्या नोंदींवरील त्याचा हक्क मात्र मागून आला. त्या रोग्याला नाकारता येत नाहीत असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला, आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन घातले. सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नागरिकाला चौदा आकडी क्रमांक मिळतो. हा क्रमांकही, त्या कुपीतील क्रमांकाप्रमाणेच, स्वतः नोंद नव्हे. अन्यत्र ठेवलेल्या नोंदीकडे जाण्याची ती वाट आहे. त्या वाटेने जे कागद येतील ते मुळात कोणत्या वाचकासाठी लिहिलेले होते, हे कागदावरच लिहिलेले असावे. आणि ते रोग्याला समजते की नाही हे ठरविताना नोंदविभागातील माणसांनी आपल्या स्वतःच्या नोंदी वाचून समाधान मानू नये. केसपेपरची खिडकी सांभाळणाऱ्या माणसाने दुसऱ्या गावच्या, ओळख नसलेल्या दवाखान्यातली आपली नोंद मागवून वाचावी. त्या वाचनात तो जेथे अडेल ती जागा अभ्यासाची.