संगणकीय ग्रंथतालिका आणि मराठी लेखन : एक चिकित्सा

ग्रंथालयांत नव्याने आलेल्या संगणकीय साधनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक, त्या साधनांचे स्तोत्र. आणि दुसरे, ती साधने अजून हाताळता न येणाऱ्या सेवकवर्गाविषयीची कीव. ज्या भाषेतील ग्रंथांसाठी ही साधने वापरावयाची, त्या भाषेच्या लेखनाशी त्यांचे नाते कसे आहे याची परीक्षा मात्र क्वचितच होते. ती ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने करावयाची की भाषाशास्त्राच्या, हा हक्काचा वाद येथे बाजूस ठेवला आहे. एका लहानशा प्रसंगावरून मला ती करणे भाग पडले, म्हणून प्रारंभी तो प्रसंगच सांगतो.

माण तालुक्यातील बोलीच्या नोंदी घेण्यासाठी म्हसवडला जाणे झाले होते. माणगंगेच्या काठचे, सिद्धनाथाच्या यात्रेसाठी सर्वदूर माहीत असलेले हे गाव. तेथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात दुपार काढण्याचा योग आला. देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या साहाय्यक बाई तेथे बरीच वर्षे काम करीत आहेत. दाखल नोंदवही त्यांच्याच वळणदार अक्षरात भरलेली आहे आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे त्यांना नोंदवही न उघडता सांगता येते. ऑनलाइन साधनांच्या वापराचा एक अल्पकालीन अभ्यासक्रम त्यांनी नुकताच पुरा केला होता. मी पु. ल. देशपांडे यांचे ‘वाऱ्यावरची वरात’ मागितले. बाईंनी नव्या उत्साहाने मोबाईलवर तालिका उघडली, नाव लिहिले, आणि यंत्राने असे पुस्तक नसल्याचे कळविले. त्यांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर. मग त्या काहीशा ओशाळून म्हणाल्या, “सर, नोंद मीच घातलीय. पुस्तक पण त्या कपाटात आहे. मग हे ‘नाही’ का म्हणतंय?” उठून त्यांनी पुस्तक काढून दिले.

त्यांचा प्रश्न अत्यंत मार्मिक होता. अभ्यासक्रमात त्याचे उत्तर नव्हते, कारण अभ्यासक्रम सिद्ध करणारांना तो सुचलाच नसावा. ‘आपण काहीतरी चुकीचे दाबले असेल’ अशी बाईंची स्वतःची समजूत झाली होती. वस्तुतः त्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते.

चूक कोठे आहे ती पाहू. मराठीत ‘र’ला पुढील ‘य’ किंवा ‘ह’ यांच्याशी जोडण्याच्या दोन रीती आहेत. ‘आचार्यांना’ या शब्दात रफार आहे आणि त्यापूर्वीच्या स्वरावर आघात येतो. ‘आचाऱ्यांना’ या शब्दात तो येत नाही, म्हणून तेथे ‘र’ आडवा, पापणीच्या केसासारखा लिहितात. पहिल्या शब्दाने गुरुजन समजतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. हा भेद मराठीच्या लेखनाने जपला आहे आणि तो उच्चारास धरून आहे. हिंदीस त्याची गरज नाही. युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत हा अर्धा ‘र’ दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्यास हलंत जोडतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे अक्षरजोडणी सुचविणारी एक अदृश्य खूण, असा क्रम असतो. डोळ्यांना दोन्ही लेखने एकच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द होत. बाईंनी नोंद केली ती कार्यालयातील संगणकावर, रोमन अक्षरांवरून देवनागरी बनविणाऱ्या एका प्रणालीत. आणि शोध घेतला तो मोबाईलवर. एकीने दुसरा मार्ग घेतला होता, दुसऱ्याने पहिला. अशा रीतीने ‘वाऱ्यावरची वरात’ कपाटात राहूनही तालिकेतून नाहीशी झाली. संकेतप्रणालीत समरूप लेखनांचे एकीकरण करण्याचे नियम आहेत, परंतु ते ‘ऱ’ची सांगड नुक्ता दिलेल्या ‘र’शी घालतात, अदृश्य खुणेच्या लेखनापर्यंत ते पोचत नाहीत.

हा एकच दोष असता तर तो अपवाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु मराठी ग्रंथनामांच्या बाबतीत खरी अडचण याहून जुनी आहे, आणि ती यंत्राने निर्माण केलेली नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि व्युत्पत्तीसाठी किंवा व्याकरणासाठी दिले जाणारे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ते जागोजाग आहेत. राजवाड्यांचा १८९८ साली निघालेला खंड ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असा आहे. आजचा विद्यार्थी तो ‘इतिहासाची साधने’ असा शोधणार, आणि त्याला उत्तर मिळणार की नाही हे नोंद करणाराने मुखपृष्ठाशी इमान राखले की आजच्या नियमांशी, यावर अवलंबून राहणार. माणदेशापुरते बोलावयाचे तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकाचे नावच बोलीच्या वळणाचे आहे. ‘माणसे’ असे प्रमाण लेखन करून शोधणारा शिक्षक रिकाम्या हातांनी परततो. माडगूळ येथून फार दूर नाही, आटपाडी तालुक्यात आहे. त्या गावाच्या लेखकाचे पुस्तक म्हसवडच्या तालिकेत दडून बसावे हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

येथे शंकर गणेश दाते यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ या कालखंडाचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. दोन्ही भाग १९६२ पूर्वी छापले गेले, म्हणजे ज्या लेखनपद्धतीत ग्रंथ होते त्याच पद्धतीत सूचीही होती. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, छापील सूची वाचणारा मनुष्य असतो. ‘साधनें’ आणि ‘साधने’ यांवर त्याची दृष्टी सारखीच ठरते. ‘ग्रन्थ’ आणि ‘ग्रंथ’ यांत तो अडखळत नाही. सूचीकाराने जे सांगितले नाही ते वाचक स्वतःच्या भाषाज्ञानाने भरून काढतो. संगणकीय तालिकेने हा वाचक मधून काढून टाकला आणि त्याच्या जागी चिन्हांची तुलना करणारे यंत्र बसविले. वेग मिळाला, हे कबूल केलेच पाहिजे. दात्यांच्या सूचीत जे शोधावयास अर्धा दिवस लागेल ते पळभरात दिसते, जेव्हा दिसते तेव्हा. पण वाचकाचे भाषाज्ञान जेथून काढले तेथे ते कोणीतरी परत घातले पाहिजे होते, आणि ते काम कोणाचे हे कोणी ठरविलेच नाही.

यावर असा आक्षेप येईल की, मोठ्या शोधयंत्रांना आता चुकीचे लिहिलेलेही कळते. मग ही तक्रार कशाला? मोठ्या शोधयंत्रांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. लहान ग्रंथालयात जी प्रणाली असते ती तिला दिलेले नियमच पाळते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी निर्माण झालेली ‘कोहा’ ही प्रणाली २००० सालापासून वापरात आहे. तिचे नाव माओरी भाषेतील, अर्थ ‘भेट’. आणि ती खरोखरच विनामूल्य दिलेली भेट आहे. पण भेट देणाराने मराठीच्या अर्ध्या ‘र’चा विचार करावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? तो विचार आपला आहे. शोधाच्या वेळी ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ एक मानावेत, अंत्य अनुस्वार असून नसल्यासारखा धरावा, ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा करावा. दाखविताना मात्र जसे छापले तसेच दाखवावे. शोधात आचारी आणि आचार्य एका पंक्तीस बसले तरी वाचकाचे काही बिघडत नाही. नोंदीत बसले तर बिघडते. हा विवेक सांगण्यास मोठे शास्त्र लागत नाही, मराठी लागते.

लेखनसाधनाच्या निवडीतही हीच गफलत दिसते. बाईंना अभ्यासक्रमात रोमन अक्षरांवरून मराठी लिहावयास शिकविले होते, कारण त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी लिहिता येते. परंतु रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘द’ आणि ‘ड’ यांना वेगळी अक्षरे नाहीत. ‘माडगूळकर’ हे एक आडनाव लिहिताना यंत्राने पुढे केलेल्या पर्यायांतून दर वेळी निवड करावी लागते, आणि घाईत चुकीचा पर्याय पत्करला जातो. उलट, १९८६ साली प्रमाण ठरलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक वर्णमालेवर रचलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर वरच्या अंगास ‘ख’. ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. आणि ‘र’च्या कळीवर तो आपला हरवलेला ‘ऱ’. ज्या व्यक्तीने आयुष्यभर मराठी वर्णमालेने कपाटे लावली तिला हा कळफलक शिकविण्यास आठवडा पुरेसा झाला असता, असे माझे मत आहे. पहिल्या दिवशीची सोय पाहून पुढील वीस वर्षांची गैरसोय विकत घेतली गेली.

वर्णक्रमाचे प्रकरण थोडक्यात आटोपतो. चिन्हांच्या नुसत्या संकेतांकांवरून यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो, ‘क्ष’ हा ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये विरून जातो. आपल्या शाळेत शिकविलेल्या वर्णमालेत ही तिन्ही अक्षरे ‘ह’च्या पुढे आहेत. ‘ज्ञानेश्वरी’ कोठे पाहावी याविषयी यंत्राचे आणि वाचकाचे एकमत नाही, एवढे येथे पुरे.

जगातील मोठ्या तालिकांशी गाठ पडते तेव्हा अडचणीचे स्वरूप पालटते. १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांनी धान्यकरारातील रुपयांतून भारतीय ग्रंथ घेण्यास सुरुवात केली आणि मराठी पुस्तकांचा मोठा संग्रह तिकडे गेला. (शुद्धलेखनाचे नियम आणि ही निर्यात एकाच वर्षीची, हा केवळ योगायोग.) त्या पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या, त्याही अशा नियमाने की व्यंजनातील अंगभूत ‘अ’ सर्वत्र लिहावयाचा. आपण ‘माडगूळकर’ या नावात ‘ड’, ‘ळ’ आणि ‘र’ यांतील ‘अ’ उच्चारीत नाही. त्या तालिकेत मात्र तिन्ही ‘अ’ उपस्थित आहेत. नियम लिपीला धरून आहे, म्हणून त्यास चुकीचा म्हणता येत नाही. परंतु म्हसवडच्या साहाय्यकाने आपल्याच शेजारच्या लेखकाचे नाव परदेशी तालिकेत शोधावयाचे तर ते असे लिहावे लागते, जसे माणदेशात कोणीही कधी उच्चारलेले नाही. उच्चारातील ‘अ’चा लोप हा भाषाशास्त्राच्या वर्गात शिकविण्याचा विषय आहे. तो ग्रंथालयसेवकांच्या शिक्षणातही असावा असे कोणास वाटले नाही, यात आम्हा भाषाशास्त्रज्ञांचाही दोष आहे.

म्हसवडमध्येच शिक्षणाचा एक निराळा दाखला आहे. तेथे बायकांची सहकारी बँक काढण्याचा अर्ज प्रवर्तक सभासद निरक्षर असल्याच्या कारणाने रिझर्व्ह बँकेने प्रथम नामंजूर केला होता. त्या बायका काही महिने लिहावाचावयास शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हांला कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आणि तेच तुमच्या लोकांना गणकयंत्राशिवाय करावयास सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. अक्षरज्ञान त्यांना शिकावे लागले. हिशोब त्यांना आधीच येत होता, आणि तो येतो हे त्यांना ठणकावून सांगावे लागले. ग्रंथालयातील बाईंची स्थिती याहून वेगळी नाही. कळ कोठे दाबावी हे त्या शिकल्या. वाचक एकच पुस्तक किती नावांनी मागतात, ‘केशवसुत’ म्हणणारा आणि ‘दामले’ म्हणणारा एकच कवी मागतो, ‘कुसुमाग्रज’ आणि ‘शिरवाडकर’ दोन नव्हेत, हे त्यांना आधीच येत होते. अभ्यासक्रमाने त्याची विचारपूस केली नाही.

आणि त्यासाठी जागा तर यंत्रात तयारच आहे. ‘मार्क’ या नोंदरचनेत २४६ क्रमांकाचे क्षेत्र ग्रंथनामाच्या पर्यायी रूपांसाठी राखून ठेवलेले आहे, आणि लेखकाच्या नामांतरांसाठी नामनियंत्रणाच्या नोंदी आहेत. दुपारी मी त्यांना ते क्षेत्र दाखविले. त्यांनी खणातून एक शंभर पानी वही काढली. वाचकांनी ‘चुकीच्या’ नावाने मागितलेली पुस्तके त्या कित्येक वर्षे तीत टिपून ठेवीत आल्या होत्या. डावीकडे मागितलेले नाव, उजवीकडे खरे नाव आणि दाखलांक. ही वही अभ्यासक्रमाच्या वेळी दाखविली होती काय, असे मी विचारले. “ते कॉम्प्युटरचं शिबिर होतं सर, वहीचं तिथं काय?” असे त्या म्हणाल्या. मग आम्ही वहीच्या पहिल्या पानापासून डावीकडची नावे २४६ व्या क्षेत्रात घालावयास बसलो. ग्रंथालय बंद होईपर्यंत अकरा नोंदी झाल्या. त्यांत ‘वाऱ्यावरची वरात’ दोन्ही लेखनांनी आहे.