पॅलेस्टाइनच्या वादांतील कांहीं लेख : पाठ आणि अर्थ

पॅलेस्टाइनच्या भूमीवर ज्यू आणि अरब यांचे जे दावे आहेत, त्यांविषयीं आपल्याकडे बोलणारे पुष्कळ, पण मूळ कागद उघडून पाहणारे थोडे. वस्तुतः ज्या लेखांच्या आधारें उभय पक्ष आपलें स्वामित्व सांगतात ते संख्येनें फार नाहींत, आणि ते छापूनही निघालेले आहेत. ज्यांनीं वतनाच्या तंट्यांतील महजर आणि सनदा ताडून पाहिल्या आहेत, अशा या त्रैमासिकाच्या वाचकांस हे कागद परके वाटूं नयेत. येथेंही तोच प्रकार आहे : एकाच जिनसाचीं दोघांस दिलेलीं वचनें, तर्जुम्यांत बदललेले शब्द, आणि देणाराच्या पदरीं नसलेलें दान.

प्रथम पत्रव्यवहार घेऊं. मक्केचा शरीफ हुसेन आणि ईजिप्तमधील ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री मॅकमहन यांच्यामध्यें १४ जुलै १९१५ पासून १० मार्च १९१६ पर्यंत दहा पत्रें गेलीं-आलीं. त्यांपैकीं २४ ऑक्टोबर १९१५ चें मॅकमहन यांचें पत्र हें सर्व वादाचें मूळ होय. तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांच्या स्वातंत्र्यास पाठिंबा देण्याचें वचन देतांना त्यांत कांहीं प्रदेश वगळलेले आहेत. मर्सिना व अलेक्झांड्रेटा हे दोन मुलूख, आणि दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो यांच्या ‘डिस्ट्रिक्टां’च्या पश्चिमेस असलेले सीरियाचे भाग, हे शुद्ध अरब म्हणतां येत नाहींत, असें इंग्रजी मसुद्याचें म्हणणें. शरीफाच्या हातीं पडलें तें मात्र अरबी पत्र. आणि त्यांत ‘डिस्ट्रिक्ट’च्या जागीं ‘विलायत’ हा शब्द आहे.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. मूळ अरबी अर्थ अधिकार, त्यावरून अधिकाराखालचा मुलूख. तुर्की राज्यव्यवस्थेंत तो वालीच्या अंमलाखालील सुभ्याचें नांव झाला, आणि आपल्या भाषेंत फिरत फिरत तो इंग्लंडचें नांव होऊन बसला. जो शब्द एवढा प्रवास करतो त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणीं संदर्भावरून ठरवावा लागतो. कोशांतला पहिला अर्थ उचलून चालत नाहीं.

ब्रिटिश सरकारनें १९२२ च्या श्वेतपत्रिकेंत विलायत म्हणजे तुर्की सुभा असाच अर्थ धरला. दमास्कसचा सुभा दक्षिणेस अकबापर्यंत पसरलेला, सबब त्याच्या पश्चिमेस असलेलें पॅलेस्टाइन वचनांतून वगळलें गेलें, असा हा युक्तिवाद. जॉर्ज अँटोनियस यांनीं १९३८ सालीं ‘द अरब अवेकनिंग’ या ग्रंथांत त्यावर जो आक्षेप घेतला तो पाठचिकित्सेच्या दृष्टीनें बिनतोड आहे. होम्सची किंवा हमाची विलायत अशी कोणतीही विलायत अस्तित्वांत नव्हती. हीं दोन्ही गांवें दमास्कस ज्याची राजधानी त्या सीरियाच्याच सुभ्यांत होतीं. अलेप्पोचा सुभा तर समुद्राला भिडलेला, तेव्हां त्याच्या पश्चिमेस फक्त पाणी. मर्सिना व अलेक्झांड्रेटा यांनाही त्याच पत्रांत विलायत म्हटलें आहे, आणि तींही सुभ्यांचीं ठाणीं नव्हतीं. एका वाक्यांत एक शब्द चार-पांच ठिकाणीं आला असतां एकाच ठिकाणीं तो पारिभाषिक आणि इतरत्र सैल घेणें हा अर्धजरतीय न्याय झाला. सैल अर्थ घेतला तर या चार शहरांचा परिसर सोडून पश्चिमेस लेबनॉन आणि उत्तरेकडील किनारा येतो. पॅलेस्टाइन येत नाहीं.

परंतु येथें थांबणें म्हणजे अर्धाच कागद वाचणें. त्याच पत्रांत दुसरी एक मर्यादा आहे : फ्रान्स या मित्रराष्ट्राच्या हितसंबंधांस बाध न आणतां ग्रेट ब्रिटनला जेथें मोकळीक आहे, त्याच प्रदेशांपुरतें वचन लागू. ही मर्यादा नकाशावर कोठेंच रेखलेली नाहीं, आणि १९१५ सालीं फ्रान्स पॅलेस्टाइनवरही हक्क सांगत होता. माझ्या मतें ब्रिटिश पक्षाचें खरें बळ या वाक्यांत होतें. तें सोडून ते दमास्कसच्या सुभ्यांत शिरले, हें आश्चर्य. शिवाय संपूर्ण पत्रव्यवहारांत पॅलेस्टाइन हें नांव एकदांही आलेलें नाहीं. आपल्या मनांत तें वगळण्याचाच हेतु होता, असें मॅकमहन यांनीं जुलै १९३७ मध्यें ‘टाइम्स’ला कळविलें, पण देणाराचा अव्यक्त हेतु घेणारास बांधीत नाहीं, हें कोणताही कारकून सांगेल. ब्रिटिश सरकारनें हीं पत्रें अधिकृतपणें छापलीं तीं १९३९ सालीं, म्हणजे चोवीस वर्षांनीं. त्याच सालीं नेमलेल्या समितींत लॉर्ड चॅन्सेलर मॉम हे सरकारचा पक्ष मांडीत होते. तरीही अरबांच्या म्हणण्यांत पूर्वीं वाटलें होतें त्याहून अधिक तथ्य आहे, एवढें ब्रिटिश प्रतिनिधींना कबूल करावें लागलें. हें १९२२ सालींच झालें असतें तर बरें.

दुसरा लेख म्हणजे २ नोव्हेंबर १९१७ चें बॅल्फोर यांचें लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांस लिहिलेलें पत्र. याचे पूर्वींचे मसुदे उपलब्ध आहेत, आणि ज्यास पाठभेदांचा छंद आहे त्यानें ते अवश्य ओळीनें मांडून पाहावे. जुलैच्या मसुद्यांत पॅलेस्टाइन हेंच ज्यू लोकांचें राष्ट्रीय निवासस्थान म्हणून पुनः घडवावें असें होतें. अखेरच्या पाठांत पॅलेस्टाइन‘मध्यें’ एक निवासस्थान स्थापावें असें झालें. इंग्रजी ‘द’ जाऊन ‘अ’ आला, आणि सबंध देशाच्या जागीं त्याचा कांहीं भाग असा अर्थ काढण्यास वाट मिळाली. १९२२ च्या श्वेतपत्रिकेनें ती वाट पत्करली. दुसरा फरक असा कीं, ऑक्टोबरच्या मसुद्यापासून दोन संरक्षक वाक्यें जोडलीं गेलीं. तेथील ज्यूएतर समाजांचे नागरी व धार्मिक हक्क अबाधित राहावे, आणि इतर देशांतील ज्यूंचे हक्क व राजकीय दर्जा यांस धक्का लागूं नये. ‘राजकीय’ हा शब्द दुसऱ्या वाक्यांत आहे, पहिल्यांत नाहीं. शेजारशेजारच्या दोन वाक्यांत एकांत असलेला शब्द दुसऱ्यांत नसणें यास मीमांसक योगायोग म्हणणार नाहींत. १९२२ च्या शिरगणतींत तेथील एकूण लोकसंख्या ७,५७,१८२ होती आणि त्यांत ज्यू ८३,७९४. म्हणजे ज्यांचे राजकीय हक्क उल्लेखावांचून राहिले ते दहांतले जवळजवळ नऊ होते, आणि त्यांचें नांवही ‘ज्यूएतर’ असें नकारानें घेतलें आहे.

या पत्रास मंत्रिमंडळांतून सर्वांत कडवा विरोध केला तो एडविन मॉन्टेग्यू या भारतमंत्र्यानें, आणि तो स्वतः ज्यू होता. निर्णयाच्या वेळीं तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघून गेलेला होता.

आतां स्वामित्वाचा प्रश्न. आमच्या धर्मशास्त्रांत अठरा व्यवहारपदांत अस्वामिविक्रय हें एक पद आहे. बॅल्फोर यांनीं पत्र लिहिलें तेव्हां जेरुसलेम तुर्कांच्या ताब्यांत होतें; तें ब्रिटिशांच्या हातीं पडलें ९ डिसेंबर १९१७ रोजीं. अरबपक्षीय लेखक हा मुद्दा आवेशानें मांडतात. मात्र तोच मुद्दा मॅकमहन यांच्या पत्रासही लागतो हें ते सांगत नाहींत. दोन्ही वचनें देणारा त्या वेळीं धनी नव्हता. ज्यू पक्षाचें उत्तर असें कीं, राष्ट्रसंघानें २४ जुलै १९२२ रोजीं मॅन्डेट मंजूर करून, त्याच्या प्रस्तावनेंत ज्यू लोकांचा त्या देशाशीं असलेला ऐतिहासिक संबंध नमूद केला, आणि तुर्कस्ताननें १९२३ च्या लोझानच्या तहानें आपला हक्क सोडला. तेव्हां दोषाचें परिमार्जन झालें. हें उत्तर हलकें नव्हे. पण त्याच राष्ट्रसंघाच्या कराराच्या २२ व्या कलमांत तुर्की साम्राज्यांतून सुटलेल्या समाजांस तात्पुरतीं स्वतंत्र राष्ट्रें मानलें आहे, आणि मॅन्डेट कोणास द्यावें याविषयीं त्यांच्या इच्छेस प्राधान्य दिलें आहे. मॅन्डेट ज्या कलमावर उभें, त्याच कलमाशीं त्याचा विरोध. तो कोणत्याही न्यायालयानें त्या काळीं सोडविला नाहीं.

प्राचीनत्वाच्या पुराव्याविषयीं संग्राहकांस चार शब्द सांगणें जरूर आहे. १८९६ सालीं पेट्रीला थीब्ज येथें सांपडलेल्या मर्नेप्ताहच्या शिलालेखांत इस्राएल हें नांव आहे. १८६८ सालच्या मोआबी शिलालेखांतही आहे. ज्यूंचा त्या भूमीशीं संबंध कल्पित आहे असें म्हणणारांनीं हे दगड वाचावे. परंतु शिलालेख अस्तित्व सिद्ध करतो, कब्जा सिद्ध करीत नाहीं. याज्ञवल्क्यानें भोगापेक्षां आगमास अधिक बळ दिलें, तथापि पिढीजात चालत आलेला भोग त्यांतून वगळला. आणि अरब कुळांचा भोग हा अशाच प्रकारचा होता. त्यांची अडचण निराळी. १८५८ च्या तुर्की जमीन कायद्यानंतर तापूच्या दप्तरांत पुष्कळ ठिकाणीं कसणाराचें नांव चढलें नाहीं, सावकाराचें चढलें. १९२० नंतर मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यांतील विस्तीर्ण जमिनी बेरूतच्या सुरसोक घराण्यानें ज्यू संस्थांस विकल्या तेव्हां कागद निर्दोष होता, आणि कुळें उठलीं.

शेवटचा लेख अलीकडचा, २२ नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव. युद्धांत व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएली सैन्यानें माघार घ्यावी, असें त्यांत आहे. इंग्रजी पाठांत ‘प्रदेश’ या शब्दापूर्वीं ‘द’ नाहीं. म्हणून सर्व प्रदेश सोडण्याचें बंधन नाहीं, असें इस्राएल म्हणतें. फ्रेंच पाठांत ‘दे तेरितुआर’ असें आहे, आणि त्यावरून अरब राष्ट्रें ‘ते सर्व प्रदेश’ असा अर्थ करतात. हिंदुस्थान त्या वेळीं परिषदेचा सभासद होता, आणि त्याच्या प्रतिनिधीनें संपूर्ण माघारीचाच अर्थ आपण समजतों असें मतदानापूर्वीं सांगितलें. फ्रेंच ‘दे’ व्याकरणदृष्ट्या दोन्ही प्रकारें लागतो, त्यामुळें केवळ फ्रेंच पाठानें निकाल लागत नाहीं. युद्धानें भूमि संपादणें अमान्य, हें जें वाक्य ठरावाच्या उपक्रमांतच आहे, त्याच्याशीं जुळेल तो अर्थ घेतला पाहिजे, आणि तो मला संपूर्ण माघारीच्या बाजूचा दिसतो. संस्कृतांत वा मराठींत असलें उपपद नाहीं. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असें आपण लिहितों तेव्हां सगळा वाद भाषांतरांत नाहींसा होतो आणि वाचकास तो होता हें कळतही नाहीं. म्हणून हा ठराव मराठींत देणारानें इंग्रजी व फ्रेंच वाक्य देवनागरींत शेजारीं छापावें, आणि मॅकमहन यांच्या पत्राच्या बाबतींत ‘विलायत’ हा शब्द ‘जिल्हा’ असा न फिरवितां जसाच्या तसा ठेवावा.