‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ : दोन प्राणिप्रसंग आणि प्रवासवर्णनाचे सत्य

जॉन स्टाइनबेक याने १९६० साली एका छोट्या मालमोटारीवर राहण्याची खोली चढवून अमेरिकेची परिक्रमा केली. या फिरत्या घराला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे, ‘रोसिनान्ते’ हे, नाव दिले. सोबतीस चार्ली हा पूडल जातीचा वृद्ध कुत्रा घेतला. या प्रवासावरील ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सत्यतेचा प्रश्न मात्र अर्धशतकानंतर ऐरणीवर आला. बिल स्टाइगरवॉल्ड या पत्रकाराने २०१० मध्ये त्याच मार्गाने प्रवास करून, ग्रंथातील अनेक संवाद व मुक्काम कल्पित असल्याचे प्रतिपादन केले. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पॅरिनी यांनीही ग्रंथ शब्दशः खरा मानू नये, असे सुचविले. मग यास प्रवासवर्णन म्हणावे काय? ग्रंथातील दोन प्राणिप्रसंग या प्रश्नावर प्रकाश टाकतात.

पहिला प्रसंग यलोस्टोनचा. राष्ट्रीय उद्यानांविषयी स्टाइनबेकला फारसे अगत्य नाही. असे अपवादात्मक निसर्गचमत्कार देशाचे प्रातिनिधिक दर्शन घडवीत नाहीत, असे त्याचे मत. उद्यानाचा रक्षक कुत्र्याविषयी सावध करतो, तेव्हा चार्ली किती निरुपद्रवी आहे, हे तो विनोदाने पटवून देतो. थोड्याच वेळात अस्वल दिसते आणि हा सौम्य सोबती क्रोधाने बेभान होतो. अखेर गाडी माघारी वळवावी लागते. पर्वतशोभा पाहावयाची राहून जाते. परंतु ज्याला आपण पूर्णपणे ओळखतो असे लेखक मानीत होता, तोच अनोळखी ठरतो.

दुसरा प्रसंग मोहावीच्या वाळवंटातील. बंदुकीच्या दुर्बिणीतून दोन कायोटी दिसतात. लेखक नेम धरतो, पण चाप ओढीत नाही, आणि कुत्र्याच्या अन्नाचे दोन डबे उघडून त्यांच्यासाठी ठेवून जातो. प्रसंग हृद्य आहे. तथापि येथे कायोटी काहीच करीत नाहीत; सर्व अर्थ लेखकाच्या मनातून येतो. अस्वलाच्या प्रसंगात लेखकाचा ग्रह मोडतो, येथे त्याचे चिंतन सजते.

हाच भेद संपूर्ण ग्रंथास लावून पाहावा. त्यातील माणसे पुष्कळदा लेखकास जे म्हणावयाचे असते तेच बोलतात. म्हणूनच ती कल्पित असल्याचा संशय बळावतो. अस्वलाचा प्रसंगही रचलेला असू शकेल, असा आक्षेप येईल. परंतु तसे असले, तरी ती रचना लेखकाने स्वतःच्या विधानाविरुद्ध केलेली आहे, हे विसरता येत नाही. एड रिकेट्स या सागरी जीवशास्त्रज्ञासमवेत १९४१ मध्ये ‘सी ऑफ कॉर्तेझ’ लिहिणाऱ्या स्टाइनबेकला निरीक्षणाची शिस्त अपरिचित नव्हती.

घटनेची सत्यता पुराव्याने ठरते, आणि त्या बाबतीत वाचकाशी झालेला करार या ग्रंथाने पाळलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रवासवर्णनाची गुणवत्ता मात्र आणखी एका कसोटीवर ठरते : जे पाहिले, त्याने पाहणाऱ्यास बदलले काय? या कसोटीवर यलोस्टोनची थोडी पाने ग्रंथातील कित्येक संवादांहून अधिक मोलाची ठरतात.