हात हलवा, वेळ मिळवा

आमच्या घरी वडिलांच्या एचएमटी 'जनता'ला किल्ली देणं हा सकाळच्या चहाइतकाच नेमाचा कार्यक्रम होता. त्यामुळे किल्लीही नको आणि सेलही नको, असं क्वार्ट्झ घड्याळ असतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या काटकसरी मध्यमवर्गासाठीच काढलेलं दिसतंय!

माझ्या छोट्याशा संग्रहातलं ते घड्याळ म्हणजे सिकोचं 'कायनेटिक', आत ५एम४३ हे यंत्र. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात बाजारात आणणाऱ्या सिकोनेच हा प्रकार १९८६ मध्ये बाझेलच्या प्रदर्शनात मांडला आणि १९८८ पासून विकायला सुरुवात केली. तेव्हा नाव होतं 'एजीएस'; 'कायनेटिक' हे बारसं नंतरचं.

करामत अशी की मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं, दातेरी चाकं तो वेग कित्येक पटींनी वाढवतात आणि एक चिमुकला जनित्र वीज तयार करतो. ती साठते कपॅसिटरमध्ये आणि तिच्यावर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक वेळ राखतो. म्हणजे सायकलचा डायनॅमोच की! घड्याळ कानाशी धरून हलवलं तर त्याची बारीक घरघर ऐकू येते. मला टिकटिकीपेक्षा तीच जास्त आवडते.

दोनच्या आकड्याशेजारचं बटण हा तर खरा दागिना. ते दाबलं की सेकंदकाटा टुणकन पाच, दहा, वीस किंवा तीस सेकंद पुढे धावतो आणि किती वीज शिल्लक आहे ते सांगतो. स्वतःचं पासबुक असं उघडं दाखवणारं दुसरं घड्याळ माझ्याकडे नाही.

आता तक्रारी. जनित्रामुळे अंग जाड, शर्टाच्या बाहीत अडकतं. पण खरी गोम कपॅसिटरची. 'सेल बदलायला नको' हे अर्धसत्य होतं, कारण कपॅसिटरही म्हातारा होतो आणि दिवसेंदिवस पुरणारी वीज तासांवर येते. मग सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या ढांगा टाकत लंगडू लागतो. पुढे सिकोनेच त्याच्या जागी बसणारा, महिनोन् महिने पुरणारा रिचार्जेबल सेल दिला. सिटिझनचं 'इको-ड्राइव्ह' निदान खिडकीत ठेवलं तरी जगतं. हे मात्र कपाटात ठेवलं की रुसलंच. कल्पना म्हणून मला कायनेटिक उजवं वाटतं, पण संसाराला इको-ड्राइव्ह बरं, हे कबूल करायला हवं.

माझंही असंच रुसलं, तेव्हा प्रश्न पडला: जुना कपॅसिटर ठेवून शोभेची वस्तू करायची, की नवा सेल घालून चालतं घड्याळ? अस्सल संग्राहक पहिलं म्हणतील. मी सेल बदलला. जे घड्याळ माणसाच्या हालचालीवरच जगतं, ते मखमलीच्या डबीत बंद अवस्थेत जपण्यात मला तरी काही अर्थ दिसला नाही.

अडचण एवढीच की दिवसभर कीबोर्ड बडवून याचं वजन फारसं फिरत नाही! शुक्रवारी बटण दाबलं की काटा जेमतेम पाच सेकंद सरकतो. शनिवारी पोळ्या लाटायला घेतो तेव्हा हेच घालतो. सौभाग्यवतींना हा घड्याळाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.