पिवळ्याची पंचाईत

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात सा. ल. हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' पाहत होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जलरंग वाटतच नाहीत!" कौतुकच ते. मी अनुवादक असल्यामुळे "अनुवाद वाटतच नाही" ही शाबासकी मला सवयीची आहे. ती मिळाली की आनंद होतो. मग वाटते, केलेले काम गेले कुठे?

हातातला दिवा, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. १९४५-४६च्या सुमारास हळदणकरांची मुलगी गीता या चित्रासाठी उभी राहिली होती. अनेकजण ते राजा रविवर्म्यांचे तैलचित्र समजतात. या गैरसमजात चित्रकाराच्या नावाबरोबर माध्यमही पुसले जाते, आणि माझ्या मते या चित्राचे मोल माध्यमातच आहे.

कारण जलरंगात पिवळ्याइतका अडचणीचा रंग नाही. तो गडद करू पाहिला की पिवळा उरत नाही: काळा मिसळला तर मळकट हिरवा होतो, जांभळा मिसळला तर मातकट. तैलरंगात अंधार आधी रंगवून ज्योत शेवटी ठेवता येते. पारदर्शक जलरंगात क्रम उलटा असतो. उजेड म्हणजे रंगाखालचा पांढरा कागद; तो आधीच राखावा लागतो आणि अंधार त्याच्याभोवती हळूहळू चढवावा लागतो.

घरी एका दिव्यावर मी हा प्रयोग केला. कागद ओला असताना करडा रंग धावत ज्योतीत शिरला. दुसऱ्यांदा कागद वाळू दिला, तर कडेला कात्रीने कापल्यासारखी रेघ उमटली. कापसाने रंग टिपला, पण कागदाचे पांढरेपण परत आले नाही. अनुवादाचे मी दहा खर्डे करते. इथे दुसरा खर्डा म्हणजे दुसरा कागदच.

त्यानंतर हळदणकरांचे चित्र आठवले की आधी ज्योत दिसत नाही, तिच्याभोवतीचा काळोख दिसतो. ज्योतीचा पिवळा तसा साधाच आहे. त्याला तेज येते ते शेजारच्या काळोखाने, आणि तो काळोख नेमका कुठे थांबला आहे त्याने. आपले बरेच कलालेखन अशा ठिकाणी 'जिवंत', 'जादुई' म्हणून पुढे सरकते. असे शब्द चित्रकाराला मोठे करतात असे वाटते. प्रत्यक्षात त्याने घेतलेले निर्णय ते झाकून टाकतात.

पुस्तक-परीक्षणांतही हेच चालते. म्हणून आता कोणी "अनुवाद वाटतच नाही" म्हटले, तर आभार मानून मी विचारणार आहे: कोणत्या ओळीत?