खात्री नसेल तर नाही म्हणा

लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करायला बसलं की आधी प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर एक करडी चौकट उघडते आणि तिच्यात याद्यांमागून याद्या असतात. कोणता प्रोसेसर? कोणतं साउंड कार्ड? फ्लॉपी अजून वापरता का? हौशी रेडिओवाले आहात का? सगळे पर्याय मिळून दहा हजारांहून जास्त भरतात. बहुतेकांसोबत मदतीचा छोटा मजकूर असतो आणि त्यातल्या कितीतरी मजकुरांचं शेवटचं वाक्य एकच असतं. इंग्रजीत ते चार शब्दांचं आहे. मराठीत म्हणायचं तर: खात्री नसेल तर नाही म्हणा.

हा मजकूर मी गेली काही वर्षं कामासाठी वाचते आहे. अलीकडे मात्र तो मी एखादं पुस्तक वाचावं तसा वाचायला लागले. त्याला शेकडो लेखक आहेत, संपादक जवळपास नाही, आणि तीस वर्षांत त्याच्यात सतत भर पडत आली आहे. पुस्तकावर लिहितात तसं त्याच्यावर कुणी लिहीत नाही. खरं तर लिहायला हवं, कारण तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे हे प्रश्न तुमच्या फोनसाठीही कुणीतरी वाचले आणि तुमच्या वतीने उत्तरं दिली.

आधी या मजकुराचं व्याकरण बघू. बऱ्याच प्रश्नांना तीन उत्तरं चालतात. ‘वाय’ म्हणजे हो, हा ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवा. ‘एन’ म्हणजे नाही. आणि ‘एम’ म्हणजे मॉड्यूल: वेगळा तयार करून ठेवा, ते उपकरण जोडलं गेलं की आत घ्या. हो, नाही आणि बघू. आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की समोरच्याने नकार समजून घ्यायचा असतो. इथला ‘बघू’ खरोखर वेळेला धावून येतो. डिस्कवर थोडी जागा घेतो आणि गरज नसेल तर मेमरीत पाऊलही टाकत नाही. या तीन अक्षरांत मला सर्वांत सुसंस्कृत वाटतं ते ‘एम’.

मजकुराची भाषाही चांगली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती थेट वाचणाऱ्याशी बोलते. तुमच्याकडे अमुक कार्ड असेल तर हो म्हणा, मॉड्यूल हवं असेल तर त्याचं नाव अमुक असेल. जाहिरात नाही आणि पाल्हाळही नाही. नेटवर्किंगच्या मुख्य पर्यायाखालचा मजकूर तर मला फार आवडतो. आपण काय करतोय हे नक्की ठाऊक असल्याशिवाय इथे हो म्हणा, असं तो सांगतो आणि कारणही देतो: कुठल्याच दुसऱ्या संगणकाला न जोडलेल्या, एकट्या मशीनवरही काही प्रोग्रामना नेटवर्कचा आधार लागतो. काय करायचं ते सांगितलं, का ते सांगितलं, आणि न केल्यास कुणाचं अडेल तेही सांगितलं. सगळा मजकूर असा असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

अडचण उत्तरं जिथे साठवली जातात तिथे सुरू होते. सगळे निर्णय एका फाइलमध्ये जातात. तिचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून फाइलींच्या साध्या यादीत ती दिसत नाही. ‘हो’ म्हटलेला पर्याय तिथे सरळ लिहिलेला असतो: अमुक बरोबर वाय. ‘नाही’ म्हटलेला पर्याय मात्र हॅश चिन्हाने सुरू होतो आणि पुढे लिहिलेलं असतं की अमुक ‘इज नॉट सेट’. बहुतेक ठिकाणी हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टिपण, मशीनने दुर्लक्ष करायची गोष्ट. इथे मशीन ती ओळ नीट वाचतं आणि पाळतं. आपण दिलेला स्पष्ट नकार कागदावर मात्र असा उमटतो, की जणू कुणी काही ठरवलंच नाही. ठरवलेलं नाही, ठेवलेलं नाही. सरकारी पत्रात ‘आपला अर्ज विचारात घेता आला नाही’ असं लिहितात, त्या जातीचं हे वाक्य. कर्ता गायब.

हा कर्ता कोण, यावर एकदा मोठा वाद झाला होता. २००० ते २००२ या काळात एरिक रेमंड यांनी कर्नलच्या या प्रश्नावलीसाठी नवी व्यवस्था लिहिली. तिचं नाव सीएमएल-२. मशीनमध्ये कोणतं हार्डवेअर आहे ते आपोआप ओळखून उत्तरं भरली जावीत, हीसुद्धा त्यांची इच्छा होती. युक्तिवादासाठी त्यांनी एक काल्पनिक बाई उभी केली, आंट टिली. आपण टिलीमावशी म्हणू. मावशीला संगणकातलं काही कळत नाही, पण तिलाही स्वतःचा कर्नल कंपाइल करता आला पाहिजे, असं रेमंड यांचं म्हणणं. विरोधकांचं उत्तर असं, की मावशीने कर्नल कंपाइल करायचाच कशाला? तिच्यासाठी डिस्ट्रोवाले तयार करून देतात की. सीएमएल-२ शेवटी कर्नलमध्ये आलं नाही. त्याला पायथॉन लागायचं, हा आक्षेपांपैकी एक. २००२च्या अखेरीस रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही साधी व्यवस्था आली, आणि आजही तीच आहे.

वादात विरोधक बरोबर होते असं मला वाटतं. मावशीने कर्नल कंपाइल करू नये. पण मग जो मावशीसाठी कर्नल कंपाइल करतो त्याच्याशी या मजकुराने कसं बोलायचं, हा प्रश्न उरला. तो तेव्हा कुणी धसास लावला नाही. आजही सगळा मजकूर असं गृहीत धरतो, की उत्तर देणारा आणि मशीन वापरणारा एकच माणूस आहे.

माझ्या घरी हे दोघं वेगळे होते.

जुन्या लॅपटॉपवर सडसडीत कर्नल चालवायची मला हौस. त्यासाठी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची सोय आहे. स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेली, २००९ सालच्या २.६.३२ या आवृत्तीपासून कर्नलसोबत येते. ती एवढंच करते: या क्षणी कोणती मॉड्यूल आत आहेत ते बघते आणि बाकीच्यांना ‘नाही’ म्हणते. तासन्‌तास चालणारं कंपाइलिंग बरंच आटोपशीर होतं. मी चालवलं, नवा कर्नल झटपट सुरू झाला, आणि मी खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी आई पेनड्राइव्ह घेऊन आली. जमिनीच्या कामासाठी काही कागद प्रिंट करायचे होते आणि कचेरीची वेळ दुपारपर्यंतच होती. पेनड्राइव्ह लावला. काहीच झालं नाही. आदल्या रात्री तो लावलेला नव्हता, त्यामुळे यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूल आत नव्हतं, म्हणून सोयीने त्याला ‘नाही’ म्हटलं होतं. आई म्हणाली, “माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल गं. काल काढताना ओढला मी.”

ते मॉड्यूल चालू करून पुन्हा कंपाइल केलं, तासभर गेला. मग टर्मिनलमधून पेनड्राइव्ह माउंट केला तर फाइली दिसल्या, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आईने स्कॅन केलेल्या प्रत्येक कागदाला मराठीत नाव दिलं होतं. आता ‘सातबारा’ म्हणजे सात प्रश्नचिन्हं आणि ‘घरपट्टी’ म्हणजेही सातच, कारण काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणसुद्धा स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जाते. दोन वेगळे कागद, एकच नाव. आईने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी नावं इंग्रजीतच द्यायला हवी होती.”

चूक कुठे होती? पेनड्राइव्हवर असते त्या फॅट फाइल सिस्टमसाठी कर्नलमध्ये दोन पर्याय आहेत. एक, फाइलींची नावं मुळात कोणत्या लिपीसंचात दाखवायची. त्याचं आयतं उत्तर आयएसओ ८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपची अक्षरं. दुसरा, मुळातच यूटीएफ-८ वापरायचं का. त्याचं आयतं उत्तर नाही. दोन्ही उत्तरं माझ्या कर्नलमध्ये तशीच राहिली होती. दुसऱ्याखालचा मजकूर म्हणतो, की फाइलींच्या नावांना यूटीएफ-८ वापरत असाल तर हो म्हणा, नाहीतर नाही. वाक्य अचूक आहे. पण आई यूटीएफ-८ ‘वापरत’ नाही, ती मराठीत लिहिते. उत्तर चुकल्यास कुणाला काय दिसेल, हे त्या मजकुरात कुठेच नाही. नेटवर्किंगखालच्या मजकुराने जे एका वाक्यात केलं ते इथे राहून गेलं. माउंट करताना ‘यूटीएफ-८’ हा एक शब्द जोडला आणि सगळी नावं परत आली. कचेरीची वेळ तोवर टळली होती.

माझा निष्काळजीपणा मी या मजकुरावर ढकलत नाही. पर्याय वाचायचे सोडून मी आयत्या सोयीवर विसंबले. पण त्या दिवसानंतर मी ‘नाही’ सुचवणारे मजकूर शोधून वाचायला लागले, आणि एका जागी थांबले.

अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा एक छोटा मेन्यू आहे. अंध आणि इतर अपंग व्यक्तींना संगणक वापरायला मदत करणाऱ्या साधनांसाठी. ब्रेल उपकरणं, मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा वगैरे. त्याखालचा मजकूर म्हणतो की या पर्यायाने कर्नलमध्ये कोणताही कोड वाढत नाही, हो म्हटलं तर फक्त पुढचे पर्याय दिसतात. नाही म्हटलं तर आतले सगळे पर्याय वगळले जातात. आणि शेवटी तेच: खात्री नसेल तर नाही म्हणा.

इथे नाही म्हणून कुणाचं काही वाचत नाही. एक किलोबाइटही नाही. तरी सल्ला नाहीचा, आणि तो पाळला की पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. याच मेन्यूत स्पीकअप आहे, कर्नलमधला स्क्रीन रीडर. तो बरीच वर्षं ‘स्टेजिंग’ या कच्च्या मालाच्या विभागात पडून होता आणि २०२०मध्ये मुख्य जागी आला. तो ‘एम’ म्हणून ठेवता येतो, म्हणजे ज्याला नको त्याला त्याचा उपद्रव नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच ‘एस’ दाबलं की संगणक बोलू लागतो, तोही स्पीकअपच्याच आधारावर. कुणीतरी हा मजकूर वाचून, सल्ला न मानता, हो म्हटलं म्हणूनच.

‘नाही’च्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येक ‘हो’ म्हणजे जास्तीचा कोड, आणि जास्तीच्या कोडमध्ये जास्तीची भोकं. नवा पर्याय आपणहून चालू ठेवू पाहणाऱ्या डेव्हलपरना लिनस टोरवाल्ड्स वेळोवेळी झापतात, ते योग्यच आहे. जुनं सोडावंही लागतं. १९९१मध्ये टोरवाल्ड्सनी ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स सुरू केलं, त्याचाच आधार डिसेंबर २०१२मध्ये काढला गेला. मी भावनाप्रधान नाही, गेलं ते बरंच झालं, अशा अर्थाचे दोन शब्द त्यांनी तेव्हा लिहिले. मला ते आवडतात. तिथे कर्ता आहे. मी काढतो आहे, असं एक माणूस नावानिशी म्हणतो आहे.

‘खात्री नसेल तर नाही म्हणा’ या वाक्यात हाच माणूस हरवतो. खात्री कुणाला नाही? विचारणाऱ्याला, की ज्याला ते उपकरण लागतं त्याला? ब्रेल वापरणाऱ्याला आपल्याला काय लागतं याची पक्की खात्री असते. आईला आपल्या फाइलींची नावं पाठ होती. अज्ञान उत्तर देणाऱ्याचं आणि झळ दुसऱ्याला, ही या मजकुराची मोठी उणीव आहे. ती भरून काढायला नवी व्यवस्था नको, वाक्यात थोडी भर पुरे: हा कर्नल फक्त तुम्ही वापरणार असाल आणि खात्री नसेल, तर नाही म्हणा, दुसरं कुणी वापरणार असेल, तर आधी त्यांना विचारा.

आता माझ्या लॅपटॉपवर यूटीएफ-८ला ‘वाय’ आहे आणि स्पीकअपला ‘एम’. कर्नल थोडा जाड झालाय. आई अजूनही फाइलींना इंग्रजीत नावं देते. तिला सांगून पाहिलं की आता मराठी चालतं. ती म्हणाली, “असू दे. बघू.”