‘नाइस’ आणि एलिनरचा टोला

माझी मुलगी शाळेत असताना एकदा कादंबरी मिटून म्हणाली, ‘‘बाबा, छान आहे हं!’’ मी विचारले, ‘‘छान म्हणजे काय? बांधणी की कागद?’’ हा विनोद मुळात माझा नव्हेच. तो जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’तल्या हेन्री टिल्नीचा. उसना असूनही त्याचा मला कोण अभिमान वाटला! मुलगी मात्र तेव्हापासून माझ्यापाशी पुस्तकांविषयी बोलेनाशी झाली.

ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस, लेखिकेच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तीत बाथ शहरालगतच्या टेकडीवर फिरताना कॅथरिन ही भाबडी पोर एका भयकथेला जगातले सर्वांत ‘नाइस’ पुस्तक ठरवू पाहते. झाले! हेन्री तिला बांधणीवरून छेडतो आणि मग दिवस नाइस, फिरणे नाइस, पोरीही नाइस, अशी त्या शब्दाची यथेच्छ टर उडवतो. हा शब्द मुळात नेटकेपणापुरता असावा, असा त्याचा तर्क.

भाषाशुद्धीचे कैवारी हा उतारा मोठ्या प्रेमाने पुढे करतात. मीही करीत असे. पण मुळाशीच जायचे तर हेन्री अर्ध्या वाटेवरच थांबला, असे म्हणावे लागेल. मूळ आहे लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे अजाण. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘नाइस’ माणूस म्हणजे चक्क मूर्ख! पुढे तो चोखंदळ झाला, सूक्ष्म झाला (बारीक भेदाला इंग्रज आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात) आणि अठराव्या शतकात नुसता छान झाला.

खरी गंमत तर उतारा देणारे गाळूनच टाकतात. हेन्रीची बहीण एलिनर बरोबर आहे. ती त्याचाच शब्द त्याच्यावर उलटवते. ‘फाजील चोखंदळ’ या अर्थाने तो भावालाच बहाल करते आणि शहाणपण काही त्याच्या पदरात घालीत नाही. हे मराठीत आणताना माझी पंचाईत झाली. कॅथरिनच्या तोंडी ‘छान’ घालावा, एलिनरच्या तोंडी ‘चोखंदळ’. पण शब्द दोन झाले की टोला फुकट! बाईंनी सारी मेख एकाच शब्दात मारून ठेवली आहे. आणि कॅथरिनच्या त्या ‘नाइस’मध्ये अर्थ थोडा असेल, पण वाचनाचा आनंद सच्चा आहे, हेन्रीच्या विनोदात तो कुठे आहे?

गेल्या महिन्यात मुलीने सासरहून एक पुस्तक पाठवले. आत चिठ्ठी होती, ‘‘छान आहे.’’ वाचतो आहे. बांधणी मात्र पार खिळखिळी आहे.